शंभरातले अठरा

"शंभरातले किती?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

मी तिसऱ्यांदा तेच समजावत होतो. त्यांच्या पोटातली मोठी नस एके ठिकाणी फुगली होती. फुगा पाच पूर्णांक आठ सेंटिमीटरचा होता. तो अचानक फुटला तर माणूस बहुतेक वेळा हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही. त्यांचा थोरला भाऊ असाच पोटात दुखतंय म्हणत अंगणात बसला आणि उठलाच नव्हता. ऑपरेशन करून तेवढा तुकडा बदलता येतो, एवढं सगळं सांगून झालं होतं. त्यांना हवा होता फक्त आकडा.

"अठरा," मी म्हणालो. "शंभर माणसांवर असं ऑपरेशन केलं, तर तुमच्यासारख्या तब्येतीची अठरा माणसं पहिल्या महिन्यात दगावतात."

"आणि नाही केलं तर?"

"वर्षभरात दहा-बारा जणांचा फुगा फुटतो. पण मावशी, पुढच्या वर्षी तो मोठा झालेला असतो. मग पंधरा, मग वीस. पाच वर्षांचं पाहिलं तर..."

"पाच वर्षांचं मी विचारतच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, चष्मा आत ठेवला आणि उठल्या. "अठरा एका महिन्यात, आणि दहा वर्षभरात पसरून. समजलं. मला नाही करायचं ऑपरेशन. सही कुठं करू तेवढं सांगा."

ही गोष्ट मिरजेतली, मी एकतीस वर्षांचा असतानाची. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायला मी यवतमाळहून तिथं गेलो होतो. प्रबंधाला विषय मिळाला होता ऑपरेशननंतर कोण वाचेल आणि कोण नाही, याचा आधीच अंदाज बांधण्याचा. वय, किडनीचा रिपोर्ट, फुप्फुसांची ताकद, रक्तातलं हिमोग्लोबिन, हृदयाचा जुना आजार अशा एकेका गोष्टीला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि तक्त्यात बघायचं. हे तक्ते परदेशातल्या पेशंटांवरून बनवलेले. आपल्या माणसांना ते लागू पडतात का, ते मला तपासायचं होतं. साठ पेशंट हवे होते. एकेचाळीस झाले होते, त्यात बायका फक्त तीन.

म्हणून रत्नमाला मगदूम हे नाव पाहून मला आनंद झाला होता, हे आज लपवण्यात अर्थ नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, किडनी थोडी कमजोर, हिमोग्लोबिन कमी. मांडीतून जाळी सरकवून बसवण्याची सोपी पद्धत त्यांच्या नसेच्या वळणामुळे जमणार नव्हती, म्हणजे पोट उघडणंच भाग होतं. माझ्या तक्त्याला असाच पेशंट पाहिजे होता.

आमचे विभागप्रमुख डॉ. खाडिलकर यांनी नकाराचा कागद पाहिला आणि फाइल बंद केली. "घाबरल्या असतील. सोडून द्या, ढोमणे."

पण मला त्या घाबरलेल्या वाटल्या नव्हत्या. घाबरलेला माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. यांनी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही नेमके.

पुढच्या रविवारी मी जयसिंगपूरला गेलो. रविवारी मला कुठंच जायचं नसे. होस्टेलची मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची आणि बाकीचे रजिस्ट्रार डॉक्टर आपापल्या घरी पळायचे. आपण पेशंटच्या भल्यासाठी चाललोय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्यातलं निम्मं खरं असेल.

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. "शिवणक्लासच्या मगदूम बाई ना?" म्हणून रिक्षावाल्यानं थेट दारात सोडलं. दोन खोल्यांचं बैठं घर. पुढच्या खोलीत तीन शिलाई मशीन, त्यांतल्या दोनांवर चादर टाकलेली. आतून बाईंचा आवाज येत होता, अगदी संथ, लहान मुलाशी बोलावं तसा.

"आ करा. हां. गिळा आता. गिळलं का? बघू."

मी दारातून हाक मारली. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात वाटी होती. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दिसलं नाही.

"या डॉक्टर. आत या. मला थांबता येणार नाही मध्ये, जेवण चालू आहे ह्यांचं."

खाटेवर त्यांचे यजमान बसले होते. पाठीला दोन उशा. पायगोंडा मगदूम. एके काळी सांगलीच्या बाजारात हळदीची पारख करायचे, नुसत्या वासावरून कुठल्या गावची हळद ते सांगायचे, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. आता ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजलेले. श्वास उथळ. मी खुर्चीवर बसेपर्यंत मला त्यांच्या हृदयाची अवस्था कळली होती.

"चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "आधी नावं विसरले. मग रस्ता. आता मलाही ओळखत नाहीत. पण हात ओळखतात."

"म्हणजे?"

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मऊ भात आणि वरण होतं. "भरवून बघा."

मी चमचा पुढं केला. पायगोंडांनी ओठ मिटून घेतले. मी थांबलो, पुन्हा प्रयत्न केला. त्यांनी मान वळवली नाही, चिडले नाहीत, नुसते तोंड बंद करून भिंतीकडे बघत राहिले. पाच मिनिटं मी तसाच बसलो असेन. मग बाईंनी माझ्या हातून चमचा घेतला, त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावली, आणि त्यांनी तोंड उघडलं.

"पुतण्याला ठेवून बघितला, तीन दिवस. इचलकरंजीचा. चांगला आहे पोरगा. ह्यांनी तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही." त्यांनी तोंड पुसून दिलं. "डॉक्टर, तुमचा तो तक्ता ह्यांना लावता येतो का?"

"नाही मावशी. तो ऑपरेशन होणाऱ्यांसाठी असतो."

"मग अंदाज सांगा."

"यांच्यासमोर?"

"त्यांना कळत नाही. कळलं तरी रागवायचे नाहीत."

मी नाडी पाहिली, छातीला कान लावला, गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. शिकताना आम्हाला सांगतात, की कुटुंबीयांना वेळ सांगू नका, नेहमी चुकते. पण त्या बाई उत्तराची वाट बघत होत्या.

"वर्ष," मी म्हणालो. "फार तर सव्वा."

त्यांनी मान हलवली, जणू मापाचा आकडा दुसऱ्यांदा टेप लावूनही तोच आला. "सांगलीचे डॉक्टर पण असंच म्हणाले. मग माझं गणित बरोबर आहे."

"कुठलं गणित?"

"माझ्या आधी हे जायला हवेत," त्या म्हणाल्या. आवाज जराही बदलला नाही. "मी आधी गेले तर हे उपाशी मरतील. डॉक्टर असून तुम्हाला जमलं नाही भरवायला. तुम्ही मला पाच-दहा वर्षं देऊ बघताय, तुमचा हेतू चांगला आहे. पण मला एकच वर्ष पाहिजे, आणि ते जेवढं पक्कं मिळेल तेवढं. ऑपरेशन केलं तर अठरा जण महिन्यातच जातात. वाचले तरी दीड-दोन महिने आडवी. तोवर ह्यांचं काय? नाही केलं तर वर्षात दहा. तुमचेच आकडे आहेत."

त्या तक्त्यावर दोन वर्षं घालवूनही असं वाचन माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पेशंट किती काळ जगेल, तेच आम्ही सगळे बघत होतो. किती काळ जगणं गरजेचं आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

चहा झाला. निघताना मी म्हणालो, "पोटात किंवा पाठीत अचानक दुखलं तर लगेच फोन करा." त्यांनी माझा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला.

फोन आला नाही. माझे पेशंट साठ झाले. तरी जयसिंगपूरहून कुणी पेशंट आला की मी शिवणक्लासच्या बाईंची चौकशी करायचो. आहेत, दिसतात, एवढं कळलं की बरं वाटायचं.

दहा महिन्यांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, त्या ओपीडीत बाकावर बसलेल्या दिसल्या. एकट्याच. कपाळ मोकळं होतं. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

"डिसेंबरच्या चारला गेले. दुपारी जेवले, तोंड पुसलं, आणि माझ्या हाताला डोकं टेकवलं. झोप आली असेल म्हणून मी बराच वेळ हललेच नाही."

मी शेजारी बसलो.

"आता करा ऑपरेशन," त्या म्हणाल्या.

नवीन स्कॅन केला. फुगा साडेसहा सेंटिमीटरचा झाला होता. किडनीही थोडी उतरली होती. मी बेरीज केली, तक्ता पाहिला. सव्वीस. खाडिलकर सर म्हणाले, धोका आहे, पण आता थांबण्यातही धोका आहे. पेशंटचं मन बघा.

मी त्यांना आकडा सांगितला. वाटलं होतं, आता त्या नक्की नको म्हणतील. ज्यासाठी जगायचं होतं ते माणूस राहिलं नाही, मग एवढी चिरफाड कशाला?

"सव्वीस तर सव्वीस," त्या म्हणाल्या.

"मावशी, एक विचारू? मागच्या वेळी अठराला नाही म्हणालात. आज सव्वीसला हो का?"

"हे होते तेव्हा त्या फुग्याकडे लक्षच नव्हतं माझं. आता दुपारी आडवी पडते. पोटावर हात आपोआप जातो. तिथं धडधडत असतं, हाताला लागतं. घरात दुसरं काही हलत नाही, डॉक्टर. मशीन बंद, रेडिओ मला आवडत नाही. तेवढं एकच धडधडतं, आणि तेच मला मारणार आहे. त्याच्याबरोबर एका घरात बसवत नाही."

एकोणीस जानेवारीला ऑपरेशन झालं. सहा तास लागले. मी सरांच्या समोर उभा होतो. फुगा उघडला तेव्हा त्याची भिंत एका बाजूला इतकी पातळ झाली होती, की सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आठवडा-पंधरा दिवसांचाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घशातली नळी काढली. त्या पूर्ण शुद्धीत नव्हत्या. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मी ओल्या कापसानं ओठ पुसत होतो.

"किती वाजले?"

"साडेआठ."

त्यांची बोटं चादरीवर काहीतरी शोधू लागली. "ह्यांना भरवलं का कुणी?"

पलीकडे नर्स उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की भूल उतरताना माणूस असं बोलतो, तासा-दोन तासांत आपोआप ताळ्यावर येतो. हेही माहीत होतं की खोटं सांगू नये.

"भरवलं," मी म्हणालो.

"खाल्लं?"

"सगळं खाल्लं."

बोटं थांबली. त्यांनी डोळे मिटले आणि शांत झोपल्या.

चौथ्या दिवशी मी ड्रेसिंग बघायला गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. माझं काम झाल्यावर त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, परवा मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं ना?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"भरवलं म्हणून."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं चाक वाजत होतं. मला वाटलं, माझी चूक झाली. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ ह्यांचा आणखी मिळाला."

त्या बाराव्या दिवशी घरी गेल्या. साठ पुरे झाले होते, तरी शिक्षण संपेपर्यंतचं प्रत्येक ऑपरेशन प्रबंधाच्या वहीत धरायचा नियम होता. त्यांचा नंबर लागला एकसष्टावा.

प्रबंधात पाच वर्षांचा पाठपुरावा ठरलेला होता. दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. पेशंट जिवंत आहे का? स्वतः चालतो का? या वर्षात हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं का? मिरज सोडून मी नागपूरला आलो तरी ती वही माझ्याबरोबर आली. पहिल्या वर्षी रत्नमालाबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "फोन मीच उचललाय, तेव्हा पहिलं लिहून टाका." पुढं प्रत्येक वर्षी त्या तीनही उत्तरं मी विचारण्याआधीच देत. मग चार शब्द इकडचे-तिकडचे. क्लासला किती मुली आहेत. नागपुरात थंडी किती आहे. तुमच्या घरी कोण कोण असतं, असं त्यांनी एकदा विचारलं. माझं लग्न झालं होतं आणि चार वर्षांत मोडलं होतं. मी "एकटाच असतो" म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही.

पाच वर्षं पूर्ण झाली. निष्कर्ष एका नियतकालिकात छापून आले. तक्ता आपल्या पेशंटांना बऱ्यापैकी लागू पडतो, किडनीचे गुण थोडे वाढवावेत, असं काहीतरी त्यात होतं. वही मी कपाटात ठेवली.

सहाव्या वर्षी, जानेवारीच्या एकवीस तारखेला, भर ओपीडीत माझा मोबाइल वाजला.

"डॉक्टर, मी रत्नमाला मगदूम. जयसिंगपूर."

"बोला मावशी. काही त्रास होतोय का?"

"त्रास नाही. परवा एकोणीस होती. तुमचा फोन आला नाही. म्हटलं, तुम्ही बरे आहात ना?"

मी त्यांना सांगितलं, की अभ्यास संपला, पाच वर्षांचाच होता, त्यांची खूप मदत झाली. त्या ऐकत होत्या. मी आभार मानले. मी फोन ठेवणार होतो.

"असं होय," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता विचारणार नाही कुणी."

समोर पेशंट बसला होता. त्याच्या पायाची पट्टी सोडून सिस्टर माझी वाट बघत होत्या.

"मग मी आहे की नाही हे आता कुणाला सांगायचं?"

त्या तक्रार करत नव्हत्या. रेशन कार्ड दुसऱ्या दुकानात गेलं, आता कुठं जायचं, असं विचारावं तितक्या साधेपणानं विचारत होत्या.

"मला सांगा," मी म्हणालो. "मी एकोणीसला फोन करतो."

"अभ्यास तर संपला म्हणता."

"वही आहे अजून."

त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून वही काढली. एकसष्ट नंबरच्या पानावर पाच रकाने भरलेले होते. पट्टी घेऊन मी आणखी रेघा ओढल्या. पुढची तीन वर्षं मी फोन केला आणि तो त्यांनीच उचलला. त्या फोनची वाट मीही बघत होतो, हे मला दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं, जेव्हा अठरा तारखेलाच हातात मोबाइल घेऊन मी नंबर शोधत होतो.

दहाव्या वर्षी एकोणीसला फोन केला तेव्हा अनोळखी आवाज आला.

"हॅलो, ढोमणे डॉक्टर का?"

"हो. आपण?"

"मी शेजारची, सुनंदा बिरनाळे. बाईंनी सांगून ठेवलं होतं, एकोणीस जानेवारीला डॉक्टरांचा फोन येईल म्हणून. मोबाइल चार्ज करून ठेवायला सांगितला होता. बाई गेल्या. ऑगस्टच्या बाराला. सकाळी सव्वासातला. तारीख आणि वेळ नीट सांग म्हणाल्या होत्या, तुम्हाला लिहावी लागते."

मी खुर्चीत बसलो. "एक मिनिट थांबा," म्हणालो. वही समोरच होती. पेन शोधायला वेळ लागला.

"बारा ऑगस्ट," मी म्हणालो. "सव्वासात."

"हो. काही त्रास झाला नाही. पोटाचं काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. मी दूध द्यायला गेले होते, माझ्यासमोरच." मग तिनं विचारलं, "आणखी काही विचारायचं असतं ना तुम्हाला? बाई म्हणत होत्या, तीन प्रश्न असतात."

"चालत होत्या का?"

"तर काय. आदल्या दिवशी बाजारातून कोथिंबीर घेऊन आल्या चालत. दुपारी माझ्या मुलीला ब्लाउजचा गळा कापायला शिकवला."

"दवाखान्यात दाखल?"

"नाही. एक दिवस पण नाही."

मी लिहिलं. ती पलीकडे थांबून राहिली होती, माझं लिहून व्हायची वाट बघत.